‘आता माझा काय उपयोग?’ असे वाटू लागते तेव्हा: आजारपणात जगण्याचा हेतू कसा जपावा

मोठ्या आजारातून उठलेले बरेच रुग्ण तपासणी संपल्यावर, उठता उठता एक वाक्य बोलून जातात. आमच्या नंदुरबारकडे ते कधी अहिराणीत येते: “डॉक्टरसाहेब, आते मना काय उपेग?” सोबत आलेला मुलगा किंवा सून लगेच म्हणते, “असं नका बोलू, तुम्ही फक्त आराम करा.” विषय तिथेच संपतो.

खरे तर हे वाक्य रक्तदाबाच्या आकड्याइतकेच गंभीरपणे ऐकायला हवे. त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे जगण्यातला हेतू हरवणे आणि दुसरी म्हणजे नैराश्याचा आजार. दोन्ही कशा ओळखायच्या आणि घरच्यांनी काय करायचे, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

- सकाळी उठायला कारण असणे, आपली कुणाला तरी गरज असणे, याचा शरीराच्या आरोग्याशी संबंध आहे.
- आजारी माणसाकडून प्रेमापोटी सगळी कामे काढून घेतल्याने त्याचे नुकसान होऊ शकते.
- हेतू मोठा असावा लागत नाही. रोजचे, खरे आणि झेपणारे काम पुरते.
- उदासी किंवा कशातही रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर उपदेश न करता तपासणी करून घ्यावी.

हेतू म्हणजे नेमके काय?

‘जीवनाचा अर्थ’ म्हटले की आपल्याला कीर्तन-प्रवचन किंवा मोठी माणसे आठवतात. दवाखान्यात मी त्याचा साधा अर्थ घेतो आणि रुग्णाला दोन प्रश्न विचारतो. उद्या सकाळी उठून काय करायचे आहे? आणि तुम्ही ते केले नाही, तर कुणाचे काही अडेल का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर असेल, तर त्या माणसाकडे हेतू आहे. मग ते उत्तर नातवाला शाळेत सोडणे असो, म्हशीचे दूध काढणे असो, की मिरचीच्या पथारीवर कामाला जाणे असो. आजारपण, निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू किंवा मुलांचे स्थलांतर यांत पगार आणि ताकद जाते हे सगळ्यांना दिसते. त्याबरोबर या दोन प्रश्नांची उत्तरेही जातात, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

याचा शरीराशी काय संबंध?

जपानी भाषेत जगण्याच्या कारणाला ‘इकिगाई’ म्हणतात. जपानमधील ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांना तुमच्याकडे इकिगाई आहे का, असे विचारले गेले आणि सात वर्षे त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवली गेली. ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, विशेषतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेत ५० वर्षांवरील सुमारे ७,००० लोकांच्या अभ्यासातही (२०१९) असेच चित्र दिसले.

इथे सावध राहायला हवे. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. काही लोक आधीच आजारी असल्यामुळेही त्यांचा हेतू हरवलेला असू शकतो. त्यामुळे ‘हेतू शोधा आणि गोळ्या सोडा’ असा अर्थ कुणीही काढू नये.

तरीही हा संबंध समजण्यासारखा आहे. ज्याला कुठेतरी जायचे असते तो वेळेवर उठतो, जेवतो, चालतो, चार लोकांशी बोलतो आणि गोळी चुकवत नाही. ज्याला दिवसभर फक्त बसायचे असते त्याची झोप बिघडते, हालचाल थांबते, तंबाखू किंवा दारू वाढते. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे अनेकदा इथेच सुटतात.

एक अनुभव

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शहादा तालुक्यातील साठी ओलांडलेले एक शेतकरी अर्धांगवायूनंतर काठी घेऊन चालू लागले होते. बोलणे स्पष्ट होते, हिशेब पक्का होता. तरी तीन भेटींत रक्तदाब चढाच राहिला. मी दोनदा औषध वाढवले. तिसऱ्यांदा त्यांच्या पत्नीने सांगितले, “ते गोळ्या घेतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, कुणासाठी घेऊ?”

घर चांगले होते, मुले काळजी घेणारी होती. पण शेताची किल्ली, मोबाइलवरचे व्यापाऱ्याचे फोन आणि हिशेबाची वही, सगळे मुलांनी स्वतःकडे घेतले होते. “बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका,” एवढेच ते म्हणत. बाबांना त्यातून ‘तुमची आता गरज नाही’ असे ऐकू येत होते.

पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला कधी ना कधी नैराश्य येते, म्हणून आधी त्याची तपासणी केली. त्यांना सौम्य नैराश्य होते. समुपदेशन सुरू केले. त्यासोबत मुलांनी वही परत दिली: पपईची तोड कधी, किती गाड्या गेल्या, वजन किती, पैसे किती आले. ही नोंद बाबांनीच ठेवायची. पुढच्या भेटीत ते ती वही सोबत घेऊन आले. गोळ्या नियमित सुरू झाल्या आणि रक्तदाब हळूहळू उतरला. हे श्रेय एकट्या वहीचे नाही. पण वही नसती, तर गोळ्याही पोटात गेल्या नसत्या.

माझी चूक मला तेव्हा कळली. ‘काय दुखते?’ हे मी तीन वेळा विचारले होते, ‘दिवसभर काय करता?’ हे एकदाही विचारले नव्हते.

आनंदवनाने शिकवलेली गोष्ट

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि साधनाताई व मोजक्या कुष्ठरुग्णांसह चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. कुष्ठरोगावर औषध उपलब्ध झाले होते, पण बरा झालेला रुग्णही घरात आणि गावात परत घेतला जात नव्हता. जंतू मेले तरी माणूस नकोसाच राहात होता.

आनंदवनात औषधाबरोबर काम दिले गेले. जमीन साफ करणे, विहीर खोदणे, शेती आणि पुढे हातमाग, सुतारकाम. बोटे झडलेल्या हातांनी पिकवलेले धान्य खरोखर खाल्ले जात होते. मन रमवण्यासाठी दिलेला तो खेळ नव्हता. आपल्या घरातल्या रुग्णासाठी घ्यायचा धडा हाच आहे.

घरच्यांनी काय करावे?

काम देताना तीन कसोट्या लावा.

१. खरे काम द्या. ते झाले नाही तर कुणाचे तरी अडले पाहिजे. उगाच हातात काहीतरी दिले की मोठ्या माणसाला ते लगेच कळते.

२. झेपणारे काम द्या. हृदयविकार, दमा किंवा पक्षाघातानंतर किती श्रम चालतील ते डॉक्टरांना विचारा. सिकलसेलच्या रुग्णांनी (आपल्या जिल्ह्यात असे तरुण बरेच आहेत) अतिश्रम, कडक ऊन, थंडी आणि पाणी कमी पिणे टाळावे. पण म्हणून शाळा, शिलाई, दुकान, संगणकाचे काम सोडायचे कारण नाही. वेदनेच्या काळात विश्रांती, एरवी काम, असा मेळ घालता येतो.

३. निवड त्यांची असू द्या. “तुम्हाला यातलं काय जमेल?” असे विचारा. लादलेले काम हेतू देत नाही, ओझे वाढवते.

तिसरी कसोटी विशेषतः स्त्रियांसाठी महत्त्वाची आहे. ऊसतोडीसाठी मुलगा-सून गुजरातला गेले की घर, जनावरे आणि नातवंडे आजीवर पडतात. तिच्याकडे हेतू भरपूर असतो, कमी असते ती विश्रांती. अशा वेळी नवे काम न देता तिच्या कामातला वाटा उचलणे, हाच उपाय.

स्वतःसाठी पहिला आठवडा

- उठण्याची एक ठरावीक वेळ ठेवा.
- रोज एक छोटे काम ठरवा, ज्याचा उपयोग दुसऱ्या कुणाला होईल.
- रोज एका माणसाशी दहा मिनिटे बोला. विषय आजार सोडून काहीही.
- पूर्वी आवडणारी एक गोष्ट पुन्हा सुरू करा: भजन, बाजार, शेताच्या बांधापर्यंत फेरी.
- रात्री वहीत एक ओळ लिहा किंवा घरातल्या कुणाला सांगा: आज काय केले.

सुरुवातीला उत्साह नसतो. तो आधी येण्याची वाट पाहू नका. बहुतेक वेळा काम सुरू केल्यावर तो थोडाथोडा येतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे काय?

माणसाची किंमत त्याच्या कामावर ठरत नाही. काहीच करता येत नसलेला रुग्णही घरातला पूर्ण माणूस आहे, हे घरच्यांच्या वागण्यातून दिसले पाहिजे. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझी छळछावण्यांतून वाचले. त्यांनी अर्थाच्या तीन वाटा सांगितल्या: काहीतरी घडवणे, कुणावर तरी किंवा कशावर तरी प्रेम करणे, आणि टळू न शकणाऱ्या दुःखाकडे पाहण्याची आपली भूमिका. पहिली वाट बंद झाली तरी उरलेल्या दोन खुल्या राहतात.

म्हणून रुग्णाचा सल्ला घ्या. आज काय शिजवायचे, पेरणी कधी करायची, लग्नात कुणाला बोलवायचे, हे त्याला विचारा. त्याच्या समोर त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नका. जुन्या गोष्टी, गाणी, होळीच्या आठवणी नातवंडांना सांगू द्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

खालील लक्षणे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ आणि दोन आठवडे टिकली तर तपासणी करा:

- उदासी, किंवा आवडत्या गोष्टीतही रस न वाटणे
- झोप किंवा भूक खूप कमी अथवा खूप जास्त होणे
- सतत थकवा, लक्ष न लागणे
- आपण ओझे आहोत, अपराधी आहोत असे वाटणे

रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि गरजेप्रमाणे व्हिटॅमिन बी-१२ तपासावे लागते, कारण यांच्या बिघाडानेही असेच वाटू शकते. नैराश्य निघाल्यास समुपदेशन आणि औषधे दोन्ही उपलब्ध आहेत. औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ते मनाने बंद करू नका.

मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका. “जीव द्यावा असं वाटतं का?” असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका. शेतीच्या घरात कीटकनाशके त्याच दिवशी कुलपात ठेवा किंवा घराबाहेर हलवा. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. पोलिसांच्या भीतीने गोष्ट लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देण्यावर भर आहे.

पुढच्या तपासणीला येताना गोळ्यांच्या पाकिटाबरोबर ‘दिवसभर काय करतो’ हेही डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारले नाही, तरी सांगा.