शेतकऱ्याच्या मुलांनीं दहावीनंतर काय शिकावें ?

दहावीचा निकाल आणि मृगाची पेरणी या गोष्टी आपल्याकडे बहुधा मागेंपुढेंच येतात; परंतु पेरणीला जितका विचार दिला जातो त्याच्या चतुर्थांशही मुलाच्या पुढील शिक्षणाला दिला जात नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें. बियाणें घेतांना आपण वाण विचारतों, उगवणशक्ति पाहतों, जमिनीचा मगदूर ध्यानांत घेतों. मुलाच्या बाबतींत मात्र शेजाऱ्याचा मुलगा ज्या शाखेस गेला तीच शाखा, एवढाच हिशेब चालतो.

हा हिशेब पूर्वीं एक वेळ खपून गेला. सन १९७०-७१ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत दर खात्याचें सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ मध्यें तें १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सवातीन एकर, भरलें. एवढ्यांत दोन भावांचे संसार निभत नाहींत, हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. "कांहीं जमलें नाहीं तर शेती आहेच," हा धीर आतां पुरेसा नाहीं.

खरी फसगत होते ती अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीं. कृषि पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांकडे आहे. पण त्यासाठीं सामान्यतः बारावी विज्ञान शाखेची लागते आणि सामायिक प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. कला शाखेंत नांव घातलेल्या मुलाची ही वाट तेथेंच खुंटते, आणि बापाला तें दोन वर्षांनीं कळतें. विज्ञानांतही गणित सोडलें तर कृषि अभियांत्रिकी गेली. जीवशास्त्र सोडलें तर पशुवैद्यक गेलें. पशुवैद्यकास 'नीट' ही निराळी परीक्षा आहे. ज्याचा निश्चय होत नसेल त्यानें, झेपत असल्यास, दोन्ही विषय ठेवावे. ओझें वाढतें खरें, पण विचारास दोन वर्षांचा अवधि मिळतो.

कमी गुणांचा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत धाडावयाचा, ही समजूत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ऐन उन्हाळ्यांत पंपाची मोटर जळाली म्हणजे वीजतंत्र्याची किंमत किती, हें कोणाही बागाईतदारास विचारावें ! तेथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षास, आणि तेथील पदविकेनंतर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळूं शकतो.

मुलाचा कल कसा ओळखावा ? सन २०१६ पासून कांहीं वर्षें राज्यांत दहावीच्या मुलांची कल-चाचणी घेण्यांत आली. चाचणी उपयोगी खरी. पण नववीच्या सुटींत मुलास तालुक्याची प्रशिक्षण संस्था, जवळचें कृषि विज्ञान केंद्र व एखादा दूधसंघ प्रत्यक्ष दाखवावा, हें अधिक बरें. कामाचा वास व घाम कागदावर कळत नाहीं.

मुलींची निवड तर पुष्कळदां एस. टी. च्या फेऱ्यांवरून ठरते. हुषार मुलगी घराजवळ जें मिळेल तें शिकते आणि थांबते. २०२४-२५ पासून आठ लक्ष रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण-शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय पद्धतीनें झालेला असला पाहिजे. यासाठीं उत्पन्नाचा, जातीचा व अधिवासाचा दाखला निकालापूर्वींच काढून ठेवावा. निकालानंतर तहसील कचेरींत रांग लागते, आणि त्याच आठवड्यांत वाफसाही येतो.