समुद्री कासवांचे शुश्रूषाकेंद्र व आपल्या शाळा

कर्जत व खालापूर या तालुक्यांस समुद्रकिनारा नाही. तेव्हा समुद्री कासवांच्या शुश्रूषेचा विषय येथील शाळांनी का हाती घ्यावा, असा प्रश्न शिक्षकबंधुभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या दोन नद्यांत आहे. उल्हास नदी कर्जतवरून उत्तरेस बदलापूर, कल्याण अशी वाहत जाऊन वसईच्या खाडीस मिळते. पाताळगंगा खोपोली-खालापूरच्या परिसरातून पश्चिमेकडे वळून धरमतरच्या खाडीत उतरते. दोन्ही खाड्या अरबी समुद्राच्याच. पहिल्या पुरात ओढ्याकाठची प्लॅस्टिकची पिशवी जी वाट धरते, तिचा शेवट समुद्रात होतो.

कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येणारे कासव मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचे होय. आपल्याच जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर व दिवेआगर येथे त्याची घरटी आढळतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली घरट्यांच्या रक्षणाचे काम आरंभिले व पुढे गावकऱ्यांनी ते आपलेसे केले. तथापि अंडी राखली म्हणजे कासव राखले असे होत नाही. समुद्रात जखमी झालेल्या मोठ्या कासवास औषधोपचार लागतो. त्यासाठी पालघर जिल्ह्यात डहाणू येथे वन विभाग व एक स्वयंसेवी संस्था मिळून समुद्री कासवांचे उपचारकेंद्र चालवितात.

पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे अशक्त व जखमी कासवे किनाऱ्यास लागतात. त्यांच्या दुखण्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर पाण्यातच गुदमरते. समुद्रात सुटलेल्या जाळ्याचा दोर वल्ह्यासारख्या पायाभोवती आवळला की रक्तप्रवाह थांबतो आणि पाय कुजतो. तरंगती पिशवी जेलीफिशसारखी दिसते; ती गिळल्याने आतडे अडते. पोटात वायू धरला तर कासवास बुडी मारता येत नाही, आणि बुडी नाही म्हणजे अन्नही नाही. केंद्रात अशा प्राण्याची तपासणी करून जखमा धुतात, कुजलेला भाग शस्त्रक्रियेने काढतात, कुंडात ठेवून मासळी खाऊ घालतात. तो नीट पोहू व बुडू लागला म्हणजेच समुद्रात सोडतात. यास कित्येकदा महिने लागतात.

येथे मच्छीमारांस दोष देण्याची सवय मुलांना लावू नये. जाळे हे त्यांचे भांडवल आहे. जाळे कापून कासवासारखा संरक्षित प्राणी सोडून देणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ साली सुरू झाली, हे त्यांना अवश्य सांगावे.

आता शाळांनी काय करावे, याविषयी काही सूचना.

१. या कामासाठी मुलांकडून वर्गणी गोळा करू नये. वाडीवरील मुलास ती जड जाते. कासवांच्या केंद्रास आपल्याकडून होण्याजोगी खरी मदत म्हणजे तेथे येणाऱ्या रुग्णांची संख्या कमी करणे ही आहे.

२. भूगोलाच्या तासाला शाळेजवळच्या ओढ्यापासून खाडीपर्यंतचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. वाटेतील गावे त्यांनी स्वतः शोधावीत.

३. शाळेच्या आवारात व रस्त्यावर पडलेली खाऊची वेष्टने, पिशव्या, बाटल्या यांची एक आठवडा प्रकारवार मोजदाद करून गणिताच्या तासाला स्तंभालेख काढावा. हे काम उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी उरकावे. गोळा झालेला कचरा जाळू नये. तो ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करावा. पावसाळ्यात मुलांना नदीत वा ओढ्यात कोणत्याही कारणाने उतरवू नये.

४. आपल्या तळ्यांत व भातखाचरांत आढळणारे मऊ पाठीचे कासव हे गोड्या पाण्यातील आहे. त्याच्या पायांस बोटे व नखे दिसतात; समुद्री कासवाचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. पुण्य समजून कोणी गोड्या पाण्यातील कासव समुद्रात सोडले, तर त्याचा जीव धोक्यात येतो. जेथे सापडले तेथेच ते राहू द्यावे. दोन्ही प्रकारांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. घरी पाळणे हा गुन्हा होय.

५. सहलीत किनाऱ्यावर कासव पडलेले दिसल्यास त्यास पाण्यात ढकलू नये. ते अशक्त असल्यानेच बाहेर आलेले असते. गर्दी हटवावी, सावली करावी, पाठीवर ओले फडके घालावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, तोंडात पाणी ओतू नये. वन विभागास १९२६ या क्रमांकावर त्वरित कळवावे.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना जिवंत समुद्री कासव कदाचित कधी दिसणारही नाही. ज्याचे फळ डोळ्यांनी दिसत नाही असे काम नेमाने करावयास शिकणे, हेच या उपक्रमाचे शैक्षणिक मोल आहे. मोजदादीचे तक्ते वर्गाच्या भिंतीवर वर्षभर लावून ठेवावेत व पुढील वर्षी तीच मोजदाद पुन्हा करून आकडा किती उतरला, ते मुलांनाच पडताळू द्यावे.