पडद्यावरचा राणी रंग कागदावर का उतरत नाही?

१४ फेब्रुवारीसाठी गिंप किंवा फोटोशॉपमध्ये स्वतः शुभेच्छापत्र करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते: स्क्रीनवर झगमगणारा राणी रंग छापल्यावर मळकट दिसतो. खापर मात्र फुटते बिचाऱ्या छापखानेवाल्यावर.

स्क्रीन प्रकाश फेकते. तिचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग घडवतो. प्रत्येकाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा. कागद स्वतः प्रकाशत नाही. त्यावरची शाई पांढऱ्या उजेडातला काही भाग शोषते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या नेहमीच्या चार शायांना स्क्रीनवरचे काही भडक रंग गाठताच येत नाहीत. मग सॉफ्टवेअर जवळपासचा, पण निस्तेज रंग निवडते. निऑन गुलाबी तर पहिला बळी!

म्हणून छापायचे कार्ड आधी ‘सॉफ्ट प्रूफ’ लावून पाहावे. कागदावर काय दिसेल याचा बराच अंदाज येतो. बदाम एका लेयरवर आणि मजकूर दुसऱ्यावर ठेवला, तर रंग बदलणे सोपे. ५ बाय ७ इंचांच्या कार्डाला इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात. शिवाय पार्श्वभूमी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर वाढवा, म्हणजे कापताना पांढरी रेघ राहत नाही.

कार्ड फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल, तर हवा तितका भडक गुलाबी खुशाल वापरा.