धुळीआडचे तारे

थंडीच्या दिवसांत रात्री मृग नक्षत्र सहज ओळखता येतं. त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या थोडं दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो. तो मृगातला तेजोमेघ, सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर. तिथे नवे तारे जन्माला येतात. १९६७ मध्ये बेकलिन आणि नॉयगेबाउअर यांनी अवरक्त किरणांत या भागाचा वेध घेतला, तेव्हा साध्या प्रकाशात न दिसणारी एक तेजस्वी वस्तू सापडली.

ती आधी का दिसली नाही? सूर्याच्या आठपटीहून जास्त वस्तुमानाचे तारे वायू आणि धुळीच्या दाट ढगात घडतात. त्यांचा प्रकाश धूळ शोषून घेते. पण शोषलेली ऊर्जा जाईल कुठे? धूळ थोडी तापते आणि अवरक्त किरण बाहेर टाकते.

वर्गात हे गणित करून पाहा. २९०० ला केल्व्हिनमधल्या तापमानाने भागलं, की सर्वांत तीव्र प्रारणाची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्व्हिन, म्हणजे उत्तर अर्धा मायक्रोमीटर. धूळ ३० केल्व्हिन धरली, तर सुमारे ९७! हे किरण हवेतली वाफ अडवते. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून सुमारे ३० किलोमीटर उंच पाठवली.

दुसरी खिडकी रेडिओलहरींची. तप्त ताऱ्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. प्रोटॉनजवळून जाताना इलेक्ट्रॉनची वाट वळते आणि रेडिओलहरी निघतात. या लहरींना धुळीचा अडथळा होत नाही. त्या टिपणारी जीएमआरटी दुर्बीण पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं.

दोन्ही खिडक्या कशाला हव्यात? अवरक्त किरणांवरून एकूण ऊर्जा कळते. पण तेवढी ऊर्जा एकच जड तारा देईल, किंवा पुष्कळ हलके तारे मिळून देतील. हलक्या ताऱ्यांकडे पुरेसे अतिनील किरण नसतात. म्हणून रेडिओलहरी भरपूर आल्या, तर आत जड तारा आहे हे नक्की. कमी आल्या, तर मात्र घाई करू नये: कदाचित धुळीनेच अतिनील किरण गिळले असतील, किंवा तारा अजून घडत असेल.

खरा पेच पुढेच आहे. जड ताऱ्याचा प्रखर प्रकाश भोवतालच्या धुळीला बाहेर ढकलतो. मग त्याच्यावर आणखी वायू पडतो कसा? वायू फिरत्या चकतीतून आत येतो आणि प्रकाश ध्रुवांकडून निसटतो, असं आज मानलं जातं. अशा काही चकत्या सापडल्याही आहेत. सर्वांत जड ताऱ्यांनाही हे स्पष्टीकरण पुरतं का, हे अजून तपासलं जात आहे. आपल्या श्वासातला बहुतेक ऑक्सिजन अशाच जड ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. तेव्हा हा प्रश्न आपल्याही घरचाच आहे, असं आम्हाला वाटतं.