जुळी नौका विकणे आहे

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती चवीने वाचणारा एक वर्ग आहे. त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नव्या मालाची जाहिरात मालाविषयी बोलते, जुन्या मालाची जाहिरात माणसांविषयी. 'परगावी जाणे असल्याने लाकडी कपाट विकणे आहे' एवढ्या एका ओळीत बदलीचा हुकूम, घरातली आवराआवर, आणि आईने हौसेने घेतलेले ते कपाट ट्रकमध्ये मावत नाही हे दुःख, असे सारे काही येऊन जाते.

अशाच जाहिरातींचे एक दालन आपल्या वाचकांना बहुधा अपरिचित असेल. फ्रान्सच्या किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रातल्या बंदरांत, कॅरिबियन बेटांवर जुन्या शिडाच्या नौकांचा मोठा बाजार भरतो. तिथल्या जाहिरातीचा मासला साधारण असा: 'अडतीस फुटी कॅटॅमरान. दोन इंजिने, निजण्याच्या चार खोल्या, स्वयंपाकघर. अटलांटिक ओलांडून आलेली. मुलांच्या शाळेमुळे विकणे आहे.' वीसएक वर्षे पाण्यात काढलेल्या अशा नौकेलाही दीड-दोन लाख डॉलर पडतात. विकत घेणारे सगळेच कुबेर नसतात. निवृत्तीचा पैसा गाठीला बांधलेली जोडपी असतात, राहते घर मोडून दोन-चार वर्षे समुद्रावर काढायला निघालेली तरुण कुटुंबे असतात. म्हणजे हा सौदा हौसेचा खरा, पण त्यात आयुष्याची पुंजी असते आणि पुढे जीवही असतो.

'कॅटॅमरान' हा शब्द ऐकायला साहेबी वाटतो. पण तो आपल्या शेजारचा आहे. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम् म्हणजे बांधलेले ओंडके. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी असल्या तराफ्यांवरून लाटा फोडून मासेमारीला जात. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीने १६९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांची हकीकत दिली आणि शब्द इंग्रजीत गेला. पुढे गंमत अशी झाली, की हे नाव जाऊन चिकटले ते पॉलिनेशियातल्या दोन होड्या आडव्या दांड्यांनी जोडून केलेल्या नौकांना. वस्तू पॅसिफिकची, नाव तमिळ आणि व्यापार आता बराचसा फ्रेंचांचा! आपल्या कोकणातही होडीच्या कुशीला आडव्या दांड्यांनी एक लाकूड बांधून तिला तोल देतात. त्याला उलांडी म्हणतात. जुळी नौका हे त्याच युक्तीचे दुसरे रूप समजावे. इथे लाकडाच्या जागी दुसरी होडीच असते.

पाश्चात्त्यांनी या नौकेला सहजासहजी पंगतीत बसू दिले नाही. १८७६ साली नॅथॅनिएल हेरशॉफ या अमेरिकन नौकाशिल्प्याने 'अ‍ॅमरिलिस' नावाची जुळी नौका न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली आणि भल्याभल्यांना मागे टाकले. हरलेल्यांनी तक्रार केली, आणि ही मुळी शर्यतीतली नौकाच नव्हे असे ठरवून तिला बाद करण्यात आले. त्यानंतर कितीतरी वर्षे हा प्रकार चक्रमांचा मानला जाई. १९५० नंतरच्या दशकात जेम्स व्हॅरम या इंग्रज तरुणाने साडेतेवीस फुटांची 'टांगारोआ' स्वतःच्या हातांनी बांधली आणि दोन जर्मन तरुणींसह तिच्यातून अटलांटिक ओलांडून त्रिनिदाद गाठले. १९५९ मध्ये तो आपल्या दुसऱ्या, 'रोंगो' नावाच्या जुळ्या नौकेतून न्यूयॉर्कहून आयर्लंडला परत आला. तेव्हा कुठे लोकांची खात्री पटू लागली. १९७६ साली हवाई बेटांतल्या लोकांनी 'होकुलेआ' ही जुन्या धाटणीची जोडनौका होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या खुणांवर ताहितीपर्यंत नेली. मूळ मालकांचे देणे त्या दिवशी थोडेफार फिटले म्हणायचे.

आता ही नौका कुटुंबवत्सल माणसाला का आवडते, ते पाहू. साध्या शिडाच्या नौकेच्या पोटाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा भला मोठा कणा असतो. तिच्या एकूण वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा त्यातच जातो. वाऱ्याने ती कलते, आणि हा भार तिला पुन्हा उभी करतो. तिच्यात राहणे म्हणजे उतरत्या छपरावर संसार मांडणे. जुळ्या नौकेत हा भार नसतो; तिचा तोल रुंदीवर. अडतीस फूट लांबीला एकवीस फूट रुंदी, आणि पाण्याखाली जेमतेम चार फूट. त्यामुळे ती फारशी कलत नाही. शेगडीवर चहाचे आधण ठेवता येते, मुलांना वह्या पसरून बसता येते, आणि उथळ खाडीत किनाऱ्याजवळ नांगर टाकता येतो.

परंतु समुद्र काहीही फुकट देत नाही. साधी नौका आडवी झाली तरी शिशाच्या भाराने बहुधा पुन्हा उभी राहते. जुळी नौका एकदा पालथी झाली की आपली आपण सुलटी होत नाही. बुडत मात्र सहसा नाही. तळ वर करून तरंगत राहते. म्हणून वारा चढू लागण्याआधीच शीड कमी करणे हा तिच्यावरचा पहिला नियम. दुसरे म्हणजे तिला ओझे सोसत नाही. संसार म्हटला की वस्तू वाढतातच. एक जास्तीचा पंखा, पुस्तकांच्या दोन पेट्या, डाळ-तांदळाची साठवण... प्रत्येक शेराने ती खाली बसते, आणि दोन अंगांना जोडणाऱ्या मधल्या तक्तपोशीवर खालून लाटांचे हातोडे बसू लागतात. तिसरे म्हणजे बंदरात तिला जागा दुप्पट लागते आणि भाडेही त्याच मापाने.

जुनी नौका पारखायची कशी? नव्या रंगावर जाऊ नये, हा घर घेतानाचा नियम इथेही लागू. तिची भिंत पुष्कळदा भाकरीच्या दोन पापुद्र्यांसारखी असते. बाहेर-आत फायबरग्लास आणि मधे बाल्सा हे हलके लाकूड किंवा फोम. एखादा खिळा-बोल्ट नीट न बसवल्याने पाणी आत मुरले, की बाल्सा कुजतो; वरून काही दिसत नाही. म्हणून परीक्षक हातात छोटी हातोडी घेऊन इंचाइंचाला टकटक करीत फिरतो. खणखणीत आवाज आला तर ठीक. मडके फुटल्यासारखा बद्द आवाज आला, की तिथे खडूची खूण. त्यानंतर ओल मोजण्याचे यंत्र. मग आतल्या आडभिंती. दोन अंगे दोन निरनिराळ्या लाटांवर चढतात, तेव्हा सारी नौका ओले कापड पिळावे तशी पिळली जाते. तो पीळ या भिंती सोसतात. तिथे चीर दिसली तर किंमत कितीही पाडली तरी सौदा महाग. डोलकाठीला धरून ठेवणारे पोलादी तणावे वरून चकचकीत असले तरी आतून थकतात. साधारण दहा वर्षांनी ते बदलले आहेत का, हे विमेवाले विचारतातच.

याखेरीज तिचे पूर्वचरित्र. या बाजारातल्या पुष्कळ नौका आधी भाड्याने फिरलेल्या असतात. मालक नवी नौका घेतो, पाचएक वर्षे एखाद्या कंपनीच्या ताफ्यात देतो, आणि मुदत संपली की ती विकायला निघते. दर आठवड्याला नवा पाहुणा, नवा हात! भाड्याच्या सायकलीचे जे होते, तेच तिचे. मग हेही विचारावे लागते, की सप्टेंबर २०१७ मध्ये ही कुठे होती? त्या महिन्याच्या सहा तारखेला 'इर्मा' वादळाने ब्रिटिश व्हर्जिन बेटांना झोडपले, आणि टोर्टोलाच्या पॅराक्विटा उपसागरात आसऱ्याला बांधलेल्या भाड्याच्या नौका एकमेकींवर काड्यांच्या ढिगासारख्या जाऊन पडल्या. वादळातून वाचलेल्या आणि डागडुजी केलेल्या नौका पुन्हा बाजारात येतात. दुरुस्ती उत्तम असेल तर हरकत नाही. ती लपवलेली असू नये, एवढेच.

कागदपत्रांचे प्रकरण आपल्या सातबाऱ्याची आठवण करून देणारे. नौकेच्या बाबतीत खलाशांचा थकलेला पगार किंवा दुरुस्तीचे बिल यांसारखी पुष्कळ देणी मालकाच्या नव्हे, नौकेच्याच गळ्यात पडतात. मालक बदलला तरी बोजा तिच्याबरोबर येतो. म्हणून शहाणा गिऱ्हाईक नोंदणीचा दाखला, कर भरल्याची पावती आणि बोजा नसल्याची खात्री झाल्यावाचून पैसा देत नाही. रिवाज असा, की दलालाकडे किमतीचा दहावा हिस्सा अनामत ठेवायचा, नौका पाण्याबाहेर काढून परीक्षा करायची, पाण्यात चालवून पाहायची, आणि मगच होकार. परीक्षक मात्र आपला आपण नेमावा. दलालाची दलाली विकणाऱ्याकडून येते, हे विसरू नये.

एवढे सगळे तपासूनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे विकण्याचे कारण. कुणाचे गुडघे धरतात, कुणाला नातवंड होते, कुणाचा पैसा संपतो. कुठे एकाची हौस दुसऱ्याला चार वर्षे सोसावी लागलेली असते आणि घरी न बोललेले ते बंदरात बोलले जाते. घेणाऱ्या जोडप्याने हे नीट ऐकावे. कारण त्या कारणांपैकी एखादे पुढे त्यांच्याही वाट्याला यायचे असते. निघण्यापूर्वीच दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे, की आपल्यापैकी एकाने 'आता पुरे' म्हटले तर दुसऱ्याने वाद न घालता नौका धक्क्याला लावायची. हातोडीच्या टकटकीत हे कळत नाही, आणि कोणताही परीक्षक ते अहवालात लिहीत नाही.

एका अर्थी विकायला आलेली प्रवासी नौका हे एक आश्वासनच असते. तिच्यातून गेलेली माणसे परत आली, मुले शाळेत बसली, आणि तिच्या खणात कुणाचे तरी जुने नकाशे, पेन्सिलीच्या खुणांसह, अजून पडलेले आहेत. नव्या मालकाने ते फेकून देऊ नयेत.