पाणी सुटायची वेळ

सकाळी आठच्या सुमाराला साजे गावाखाली उतरलो, तर कुंडलिका नदी नावापुरतीच होती. गोटे, गोट्यांमध्ये अडकलेली डबकी, मधूनच एखादी बारीक धार. पलीकडच्या खडकावर एक आजी धुणं आपटत बसल्या होत्या. फेब्रुवारीत कोकणातल्या नद्या अशाच दिसतात, त्यात नवल काही नाही. पण अलीकडच्या काठावर फुगवलेले राफ्ट ओळीनं मांडले होते, शेजारी हेल्मेटांचा ढीग होता आणि मुंबई-पुण्याहून आलेली माणसं त्या कोरड्या पात्राकडे संशयानं बघत उभी होती. न राहवून एका गाइडला विचारलं, "राफ्टमध्ये बसायचं की राफ्ट डोक्यावर घेऊन चालायचं?"

पोरगा हसला. "पाणी सुटलं नाय अजून, काका. चहा घ्या तवर."

चहा अर्धा व्हायच्या आत पलीकडच्या आजींनी पिळे गोळा करून घमेल्यात टाकले आणि त्या वर चढून गेल्या. त्यांना कुणी हाक मारली नव्हती, भोंगाही ऐकू आला नव्हता. पाचदहा मिनिटांनी वरच्या वळणावर पाणी दिसलं. सिनेमात दाखवतात तसा लोंढा नव्हता तो. पुढे पालापाचोळा आणि फेस, मागे पसरत येणारी ओल. मग एकेक गोटा बुडायला लागला. आजींचा खडक कधी दिसेनासा झाला ते कळलंच नाही. अर्ध्या तासात समोर दोन्ही काठ भरून, आवाज करत वाहणारी नदी होती.

कुंडलिकेवरच्या राफ्टिंगची दिवाळीच्या सुट्टीत चौकशी करणाऱ्यांना दर, हॉटेल, जेवण सगळं फोनवर कळतं. हे पाणी येतं कुठून आणि त्याची वेळ कोण ठरवतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. खरं तर या खेळाचा पहिला नियम तिथेच सुरू होतो.

दोनदा राबलेलं पाणी

भिऱ्याजवळ सह्याद्रीच्या कुशीत उगम पावून, कोलाड आणि रोह्याला भेटून कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीत जाते. तिचं स्वतःचं पाणी पावसाळ्यात भरपूर असतं. उरलेले महिने ती उसन्या पाण्यावर वाहते, आणि हे उसनं पाणी घाटावरचं असतं.

टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते पश्चिमेला कोकणात सोडायचं आणि त्या पडण्यातून मुंबईसाठी वीज करायची, अशी योजना विसाव्या शतकाच्या आरंभी आखली. घाटाखालची तिन्ही वीजगृहं आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत. खोपोलीचं १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली आणि भिऱ्याचं १९२७ साली. खोपोलीतून सुटलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं उल्हासला आणि भिऱ्याचं कुंडलिकेला.

भिऱ्याचं पाणी मुळशीच्या तलावातलं. त्याला आपल्या वाटेनं जाऊ दिलं असतं, तर ते मुळेतून पुण्याला, तिथून भीमेत, पुढे कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. बोगद्यातून आणि नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली कोसळतं, भिऱ्याची चक्रं फिरवतं आणि अरबी समुद्राची वाट धरतं. तरीही त्याची सुटका होत नाही. भिऱ्याखाली ते पुन्हा अडवलं जातं आणि रवाळज्याच्या सरकारी वीजगृहात त्याच्याकडून आणखी ८० मेगावॉट वीज काढून घेतली जाते. राफ्टखाली खळाळणारं पाणी असं दोनदा राबून आलेलं असतं.

म्हणूनच इथल्या नदीला वेळापत्रक आहे. विजेची मागणी, तलावातला साठा आणि खालच्या गावांची, शेतीची गरज पाहून पाणी सोडतात. ते बहुधा सकाळी येतं आणि काही तासांनी ओसरतं. राफ्टवाल्यांचा सगळा धंदा त्या तासांवर उभा आहे. वरून निरोप आला नाही तर पैसे भरलेल्या पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवायचं.

या पाण्याला एक जुनी जखमही आहे. मुळशीचं धरण बांधायला घेतलं तेव्हा बुडणाऱ्या गावांतल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यानं दिलं. लढा १९२४पर्यंत चालला आणि हरला. धरण झालं, गावं तलावाखाली गेली. घाटावरच्या दुष्काळी भागांतून आजही मागणी होते की हे पाणी पश्चिमेला न सोडता भीमेच्या खोऱ्याला द्यावं. तसं झालं, तर साज्याच्या काठावरचे राफ्ट गुंडाळून ठेवावे लागतील. मौजेसाठी आलेल्या माणसाला हे ठाऊक असायलाच हवं असं नाही, पण ठाऊक असलं की पाण्याकडे बघायची नजर बदलते.

शांत पाण्यावरचा भाऊ

योगायोग असा की मुळशीत सत्याग्रह चालू होता, त्याच १९२२ साली तिकडे अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिन या तलावावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं पायांना फळ्या बांधून, मोटारबोटीमागे दोरीला धरून पाण्यावर उभं राहून दाखवलं. राफ्टिंगच्या या शांत पाण्यावरच्या भावाची, वॉटर स्कीइंगची, सुरुवात तिथली.

त्यातला सगळ्यात कसाचा प्रकार म्हणजे स्लालम. शब्द मूळ नॉर्वेचा, बर्फाच्या उतारावरच्या वाटेसाठीचा. पाण्यावर त्याची आखणी अगदी काटेकोर असते. २५९ मीटरची सरळ वाट, मधोमध बोट, आणि दोन्ही बाजूंना आलटूनपालटून मिळून सहा बोया, प्रत्येक मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर. बोट सरळच जाते, खेळाडूनं एकाच स्कीवर नागमोडी वळणं घेत प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालायचा. पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. तो गाठला की पुढच्या प्रत्येक फेरीत दोरी आखूड करतात. १८.२५ मीटरपासून सुरुवात करून ती ११.२५पर्यंत आली, की दोरी बोयाच्या अंतरालाही पुरत नाही. मग खेळाडू जवळजवळ पाण्यावर आडवा होतो आणि उरलेलं अंतर स्वतःच्या हातानं, अंगानं भरून काढतो. जगातले मोजके खेळाडू ९.७५ मीटरच्या दोरीवरही काही बोया वळतात.

या खेळाला आरशासारखं पाणी लागतं, आणि ते सकाळी लवकरच मिळतं. कॅनडात टोरांटोच्या उत्तरेला मस्कोकासारख्या भागांत तळ्याकाठी उन्हाळी घरं आहेत. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही सुट्टीत चार दिवस असं घर भाड्यानं घेतात. पहाटे मोटारबोटीचा आवाज आणि काठाला आपटणाऱ्या लाटा यावरून शेजाऱ्यांत कुरबुरी तिथेही होतात. त्यामुळे नियम स्पष्ट आहेत. स्कीवाल्याला ओढणाऱ्या बोटीत चालकाखेरीज मागे बघणारा दुसरा माणूस हवाच, कारण चालकाची नजर पुढे असते. पाण्यात पडलेल्याला परत आणायला बोटीत एक जागा रिकामी हवी. सूर्यास्तानंतर तासाभरानं ओढणं बंद, ते थेट सूर्योदयापर्यंत. ऑन्टारिओत काठापासून ३० मीटरच्या आत, काही अपवाद सोडता, वेग ताशी १० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. कागद न वाचताही पटावेत असे हे नियम आहेत.

स्लालमचा दुसरा भाऊ खळाळत्या पाण्यात वाढला. कयाक किंवा कॅनू घेऊन टांगलेल्या दांड्यांच्या दारांतून जायचं. हिरवी दारं प्रवाहाबरोबर, लाल दारं प्रवाहाविरुद्ध. दांडीला स्पर्श झाला तर २ सेकंदांचा दंड, दार चुकलं तर ५० सेकंदांचा. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, तो आउग्सबुर्गला लेख नदीचं पाणी वळवून बांधलेल्या कालव्यात. त्याच ऑलिंपिकमध्ये वॉटर स्कीइंगचीही प्रात्यक्षिकं झाली. आपल्याकडे अहिल्याबाईंच्या महेश्वराजवळ नर्मदेच्या सहस्रधारेवर कयाक स्लालमच्या स्पर्धा होतात. २०२३च्या आरंभी खेलो इंडिया युवा स्पर्धांतली स्लालम तिथेच झाली. सोडलेल्या पाण्यावरचा खेळ म्हणून कुंडलिकेचं नातं आउग्सबुर्गशी लागतं. फरक इतकाच की तिथला कालवा खेळासाठी बांधला, आणि इथे विजेच्या उरल्यासुरल्यावर खेळ बसवला.

राफ्टमधला कायदा

नदीचा अवघडपणा १ ते ६ अशा श्रेणींत मोजतात. कुंडलिकेचा राफ्टिंगचा टप्पा साधारण बारा किलोमीटरचा, श्रेणी दोन ते तीन. म्हणजे नवख्यालाही जमतो, पण गाफील राहून चालत नाही.

निघण्याआधी गाइड आठदहा मिनिटं शिकवतो, आणि निम्मी माणसं तेव्हा सेल्फी काढत असतात. आमच्या गाइडनं प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून जोरात वर ओढल्या. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं की तो न बोलता बक्कल घट्ट करायचा. ढिलं जॅकेट पाण्यात वर येतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो, म्हणून ही ओढाओढ. एक बाई म्हणाल्या, "अहो, श्वास घेता येत नाही!" तो म्हणाला, "बोलता येतंय ना ताई, मग घेता येतोय."

मग वल्ह्याची वरची मूठ. ती हातातून सुटली तर शेजाऱ्याचे दात जातात. मग हुकूम: 'फॉरवर्ड', 'बॅक', 'स्टॉप', 'होल्ड ऑन'. हुकूम इंग्रजीत आहेत, कारण राफ्टमध्ये कुठल्याही भाषेची माणसं असू शकतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढे, चवडे पाण्याबाहेर, आणि प्रवाहाबरोबर जायचं. उभं राहायचं नाही, पाणी कमरेइतकंच वाटलं तरीसुद्धा. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की मागून येणारा प्रवाह माणसाला पालथा पाडतो आणि कमरेएवढ्या पाण्यात जीव जातो. कडेच्या झुकलेल्या फांद्यांना धरायचं नाही. पाणी त्यांतून जातं, माणूस अडकतो. दोरीची पिशवी फेकली तर दोरी धरायची, हाताला गुंडाळायची नाही.

खाली कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. त्यावरून निघालेले कालवे रोहा-माणगावची भातशेती भिजवतात. अशा बंधाऱ्यावरून पडणारं पाणी वरून साधं, गुळगुळीत दिसतं. पायथ्याशी मात्र ते स्वतःभोवतीच गरगरतं आणि पडलेली वस्तू पुन्हापुन्हा आत ओढतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यातून सुटणं कठीण. म्हणून बंधाऱ्याच्या आसपास पोहायची हौस नको.

कागदावरचे नियमही आहेत. महाराष्ट्रानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, हवा किंवा पाणी, कुठलाही साहसी उपक्रम चालवणाऱ्यानं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं आणि प्रमाणित साहित्य ठेवायचं, असं त्यात अपेक्षित आहे. मोटारबोट आली की १९१७च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा येतो: नोंदणी, तपासणी, विमा, परवानाधारक चालक. किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाचा अंमल. अलिबाग-मुरुडकडची जलक्रीडा दरवर्षी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असते. गंमत अशी की समुद्र बंद होतो, तेव्हाच कुंडलिकेवर राफ्टिंगला गर्दी होते. पण त्या दिवसांत सोडलेल्या पाण्यात पावसाचं पाणी मिसळतं आणि नदी कुणाचंच वेळापत्रक पाळत नाही. अतिवृष्टीच्या दिवशी फेरी रद्द करणारा राफ्टवाला चांगला, हे पैसे परत मागताना लक्षात ठेवावं. उत्तराखंडात २०१८ साली उच्च न्यायालयानं नियम होईपर्यंत राफ्टिंगच बंद करायला लावलं होतं. आपल्याकडे ती वेळ यायला नको.

पाहुण्यानं विचारायचे प्रश्न चारच: नोंदणी आहे का, राफ्टबरोबर वाचवणारा कयाकवाला येतो का, हेल्मेट आणि जॅकेट आपल्या मापाचं आहे का, आणि आज पाणी किती वाजेपर्यंत आहे.

पेण ओलांडताना

मुंबईहून कोलाडला जाताना पेण लागतं. गणपतींच्या कारखान्यांसाठी आपण तिथे थांबतो. पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचं धरण आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. त्याच तालुक्यात वाशी-शिर्कीकडच्या खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. रोह्याला घाटावरचं पाणी येतं, पेणचं शहराकडे जातं. तालुके शेजारचे, पण पाणी कोणाकडे आणि कधी जायचं, हे दोन्हीकडे दुसरंच कुणीतरी ठरवतं.

दुपारी परत साज्याला गाडी घ्यायला आलो. पाणी ओसरत होतं. सकाळी बुडालेले गोटे एकेक करून वर येत होते, काळे, चकचकीत. गाइडलोक हेल्मेटं मोजत होते. आजी त्याच खडकावर परत आल्या होत्या, राहिलेलं धुणं घेऊन.

"सकाळी कसं कळलं पाणी सुटायचं?" मी पलीकडे ओरडून विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातला पिळा झटकला. "रोजचंच हाय ना बाबा. इथं राहायचं तर म्हायती नको?"