आपल्या पायाखालचे थर

चाकणच्या बाजूला एका शेतात विहिरीचे काम चालले होते. आम्ही ते पाहायला गेलो. यारी लावलेली होती. खाली चार गडी होते. मालक काठावर उकिडवे बसले होते. त्यांचे तोंड उतरलेले होते.

आम्ही विचारले, "काय पाटील, पाणी लागले का?"

"कशाचं पाणी!" ते म्हणाले. "पाच परस खाली आलो. मुरूम होता तोवर थोडी ओल होती. आता नुसता काळा पाषाण. सुरुंगाला पैसा पुरंना. बंद करावं का आणखी खणावं, तेच कळंना."

हा प्रश्न पुष्कळांना पडतो. कोणी पाणाड्याला बोलावतो. तो तळहातावर नारळ धरून शेतातून फिरतो. पण या प्रश्नाचे उत्तर नारळात नसते. ते विहिरीच्या भिंतीतच असते. फक्त ते वाचता आले पाहिजे. आपण अक्षरे वाचायला शिकलो, तशी ही भिंतही वाचायला शिकू या.

भिंतीकडे नीट पाहा. सगळ्यात वर दोन हात काळी माती. तिच्याखाली मुरूम. मुरमाखाली कुजका, पापुद्रे सुटणारा दगड. मग देवीचे व्रण असावेत तसा भोकाभोकांचा दगड. कुणी त्याला मांजऱ्या म्हणतात. त्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या दिसतात. त्याच्याखाली काळा, घट्ट पाषाण. पहार मारली तर ठिणगी उडते. आणखी खाली गेले तर कधी कधी विटेच्या रंगाचा तांबडा थर लागतो. आणि त्याच्याखाली? पुन्हा भोकांचा दगड. पुन्हा काळा पाषाण.

चुलीपुढे भाकरींची चवड असते. तळची भाकरी आधी भाजलेली. वरची मागाहून. दगडांचेही तसेच आहे. जो थर खाली तो आधीचा, जो वर तो नंतरचा. वरची माती आणि मुरूम मात्र वेगळी भाकरी नव्हे. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी वरचाच दगड कुजून मुरूम झाला आणि मुरमाची माती झाली.

आता हा दगड आला कोठून? तो जमिनीच्या पोटातून आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून वितळलेल्या दगडाचा रस बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो उकळत्या पाण्याच्या दहापट तापलेला होता. हा रस कोसच्या कोस पसरला आणि थिजला.

गुऱ्हाळावर गेला असाल तर पाक वाफ्यात ओतताना पाहिला असेल. त्यातले बुडबुडे वर येतात. पाक थिजला म्हणजे वरच्या अंगाला भोके राहतात. आतला गूळ घट्ट होतो. लाव्ह्याचे अगदी असेच झाले. त्यातली वाफ वर चढली. म्हणून प्रत्येक थराचा माथा भोकांचा झाला आणि पोट घट्ट झाले. पुढे भोकांत पाणी झिरपले. त्यातले क्षार साठून गारगोट्या झाल्या. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणीत अशा भोकांत निळेभोर खडे मिळाले. त्यांना कॅव्हन्साईट म्हणतात. जगभरचे हौशी लोक ते जपून ठेवतात. आपण मात्र तोच दगड खडी करून रस्त्यावर टाकतो!

लाव्हा एकदाच आला आणि संपला, असे झाले नाही. एक थर आला. मग कधी कधी हजारो वर्षे सारे शांत राहिले. पाऊस पडला. दगड कुजून माती झाली. तिच्यावर झाडेझुडपे उगवली. मग पुन्हा भेग उघडली आणि नवा रस त्या मातीवर पसरला. मातीतले लोखंड आधीच गंजून लाल झाले होते. त्यावर ही धग. वीटभट्टीत माती भाजावी तशी ती भाजली. तोच आपला तांबडा थर. म्हणून विहिरीत तांबडा पट्टा दिसला की समजावे, येथे एके काळी उघडी जमीन होती. तिच्यावर ऊन पडत होते.

असे थरावर थर रचत गेले. त्यांचाच सह्याद्री झाला. पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना खंडाळ्याला खिडकीतून बाहेर पाहा. डोंगराच्या अंगावर पायऱ्या दिसतात. इंग्रजीत या दगडाला ट्रॅप म्हणतात. तो शब्द स्वीडन देशातला. त्याचा अर्थ जिनाच. कार्ल्याची, भाज्याची लेणी, आपल्या जवळचा घोराडेश्वर, तुकोबांचे भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर, सारे याच दगडाचे. आजही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जागेवर पसरलेला आहे. त्याची जाडी सगळीकडे सारखी नाही. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर तेथे खोल छिद्र पाडून पाहिले. सुमारे ३३८ मीटरवर काळा दगड संपला. सह्याद्रीकडे तो त्याच्या कितीतरी पट जाड आहे.

कोणी विचारील, एवढी कोटी कोटी वर्षे कोणी मोजली? शंका रास्त आहे. आम्हालाही ती आली होती. दगडात पोटॅशियम नावाचा एक पदार्थ असतो. त्याचा अगदी थोडा भाग आपोआप बदलत राहतो. त्यापासून आरगॉन नावाचा वायू होतो. हा बदल ठराविक वेगाने होतो. तो ना उन्हाने वाढतो, ना थंडीने कमी होतो. समजा, एका कणगीतले ज्वारीचे दाणे दरसाल ठराविक हिशेबाने किडतात. मग किडके किती आणि चांगले किती हे मोजले, की ती कणगी कधी भरली ते सांगता येईल. दगडाचे वय असेच काढतात. निरनिराळ्या ठिकाणचे दगड तपासले, वेगवेगळ्या रीतींनी तपासले. उत्तरे जवळपास तीच आली.

त्या काळी येथे कोण राहत होते? माणूस तर नव्हताच. पण दुसरे पुष्कळ जीव होते. त्यांच्या खुणा दगडात सापडतात. त्यांना जीवाश्म म्हणतात. प्राणी मरून गाळात पुरला जातो. मांस कुजते. हाडांत पाण्यातले क्षार शिरतात आणि हाडाचा दगड होतो. आकार मात्र तसाच राहतो.

आपल्या विहिरीच्या काळ्या पाषाणात जीवाश्म मिळणार नाहीत. तापलेल्या रसात काय टिकणार? ते मिळतात दोन थरांच्या मध्ये, जेथे तळे होते, डबके होते, तेथे. मुंबईला वरळीच्या टेकडीत अशा जुन्या तळ्याचा गाळ दगड होऊन राहिला आहे. त्यात इवल्या इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ साली विलायतेतल्या ओवेन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन छापले. आज जेथे एवढी गर्दी आहे, तेथे कधी काळी तळ्यात बेडूक ओरडत होते!

याहून गमतीची गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथला थर लाव्ह्याच्याही खालचा, म्हणजे लाव्ह्याच्या आधीचा. त्यात डायनोसोर या प्रचंड प्राण्यांची हाडे मिळाली. आणि शेणाचे दगड झालेले गोळेही मिळाले. शास्त्रज्ञांनी ते गोळे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासले. त्यांत गवताचे कण निघाले. भाताच्या कुळाशी नाते असलेल्या गवताचेही कण होते. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत जाणते लोक समजत होते, की डायनोसोरच्या काळात गवत असे नव्हतेच. एका शेणाच्या गोळ्याने सगळ्यांना खोटे पाडले. शेणाला हलके समजू नये ते असे.

हे डायनोसोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच नाहीसे झाले. मेक्सिको देशात आकाशातून एक अवाढव्य दगड येऊन आदळला, हे त्याचे मोठे कारण. आपल्याकडच्या लाव्ह्याच्या धुराचाही त्यात हात होता का, यावर शास्त्रज्ञांचा वाद आजही चालू आहे.

पुष्कळांच्या देवघरातही एक जीवाश्म असतो. शाळिग्राम! तो नेपाळातल्या गंडकी नदीत मिळतो. त्याच्यावर जे चक्र दिसते, ते शंखासारख्या एका समुद्री जीवाचे घर आहे. जेथे आज हिमालय आहे, तेथे तेव्हा समुद्र होता. आपला देश दक्षिणेकडून सरकत सरकत आशियाला भिडला. समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि त्याचा डोंगर झाला.

जवळची गोष्ट सांगायची तर जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाची. ते कुकडी नदीच्या काठी आहे. तेथे नदीच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे. ती राख चुलीची नव्हे. ती ज्वालामुखीची आहे. सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी फुटला. ही राख त्याची, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. काही जण ती त्याहून फार जुनी समजतात. त्या गाळात माणसाने घडवलेली दगडी हत्यारेही मिळाली. नदीच्या दरडीत असा राखेचा पट्टा, दगड झालेले हाड किंवा घडवलेला दगड दिसला, तर तो फोडू नये, उपटूही नये. हाड कोणत्या थरात होते हे कळले नाही, तर त्याची निम्मी किंमत गेली. जागेवरच राहू द्यावे आणि शाळेच्या गुरुजींना दाखवावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असल्या गोष्टींचा अभ्यास करणारे लोक आहेत.

आता पाटलांच्या विहिरीकडे येऊ. पाणी घट्ट पाषाणात राहत नाही. ते मुरमात राहते, भोकांच्या दगडात राहते, भेगांत राहते. तांबडा थर चिकणा. त्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही. म्हणून डोंगराच्या अंगाला तांबड्या थराच्या वर पुष्कळदा झरे फुटतात. हे बायामाणसांना आधीच ठाऊक असते. हंडा घेऊन कुठे जायचे हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मात्र कारखान्यासाठी नाहीतर खडीसाठी तो डोंगरच तोडला, की झराही गेला. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला. तेव्हापासून चाकणपर्यंत किती जमीन उकरली गेली, ते आपण पाहतोच. पायासाठी चर खणतात तेव्हा चार दिवस थर स्वच्छ दिसतात. मग त्यांवर काँक्रीट पडते.

आम्ही पाटलांना विचारले, "शेजारच्या विहिरीत काय लागले?" तेव्हा सगळे मिळून तिकडे गेलो. तिच्या भिंतीत काळ्या पाषाणाखाली तांबडा पट्टा होता. पट्ट्याखाली सहा परसांवर भोकांचा दगड होता आणि तेथून पाणी पाझरत होते. आपल्याकडचे थर बहुतेक आडवेच असतात. म्हणून शेजारचा हिशेब उपयोगी पडतो. पण जमिनीची उंची धरावी लागते. पाटलांचे शेत एक परस उंच. म्हणजे त्यांना तो थर सात परसांवर मिळायला हवा. पाच झाले होते. दोन राहिले होते.

बोअर घेताना भिंत दिसत नाही. तेव्हा वर येणाऱ्या भुकटीवर नजर ठेवावी. काळी भुकटी लाल झाली की थर बदलला. पांढरे कण आले की भोकांचा दगड आला. किती फुटांवर काय आले ते वहीत लिहून ठेवावे. पुढे शेजाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

पाटलांनी काम चालू ठेवले. सहा परसांच्या पुढे तांबडा थर लागला. तो कोरडाच निघाला. त्याच्याखाली भोकांचा दगड लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीत गुडघाभर पाणी होते. उसाला ते पुरणार नाही. कांद्याला पुरेल, असे पाटील म्हणाले.